सर्व्हिंग साइजचा आकडा आला कुठून?

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खाद्यतेलाच्या स्प्रेचा डबा हातात घेऊन मागची पोषणमाहितीची चौकट वाचली, तर सर्व्हिंग साइज, म्हणजे एका वेळच्या खाण्याचं धरलेलं प्रमाण, म्हणून पाव सेकंदाचा फवारा, वजन ०.२५ ग्रॅम असं छापलेलं आढळतं. खाली कॅलरी शून्य, फॅट शून्य. आत मात्र तेलच असतं. पाव सेकंद म्हणजे बटण दाबून बोट उचलायलाही पुरत नाही. कुणी चार सेकंद फवारलं, तर लेबलच्या हिशेबाने सोळा सर्व्हिंग झाली आणि निव्वळ तेल धरलं तर छत्तीसेक कॅलरी. आकडा मोठा नाही, पण शून्य तर नक्कीच नाही. तरीही तिथे शून्य छापणं पूर्णपणे कायद्यात बसतं. ही फट एका दिवसात पडलेली नाही. जवळजवळ पन्नास वर्षं एकावर एक रचले गेलेले, बहुतेक वेळा ग्राहकाच्या भल्यासाठीच केलेले नियम तिच्यामागे आहेत.

१९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या पाकीटबंद पदार्थांवर पोषणाची माहिती क्वचितच असायची. डिसेंबर १९६९ मध्ये व्हाइट हाउसने अन्न, पोषण आणि आरोग्य या विषयावर मोठी परिषद भरवली. पदार्थात पोषणाच्या दृष्टीने काय आहे हे विकत घेणाऱ्याला कळावं, अशी काही पद्धत सरकारने बसवावी, असं त्या परिषदेने सुचवलं. त्यातून १९७३ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे, म्हणजे एफडीएचे, पहिले नियम आले. लेबल ऐच्छिक होतं. पदार्थात वरून जीवनसत्त्वं वगैरे घातली असतील किंवा पोषणाचा दावा केला असेल, तरच ते सक्तीचं व्हायचं.

त्या नियमांतली सर्व्हिंगची व्याख्या आज वाचली की नवल वाटतं. हलकं शारीरिक काम करणारा प्रौढ पुरुष एका जेवणाचा भाग म्हणून जेवढं खाऊ शकेल, तेवढं वाजवी प्रमाण म्हणजे एक सर्व्हिंग. लहान मुलांसाठीचे पदार्थ सोडले, तर बाकी सगळ्यांचं माप या एका काल्पनिक पुरुषावरून ठरत होतं. आणि वाजवी म्हणजे नेमकं किती, हे ठरवणार कोण? उत्पादक. एकाच प्रकारचा पदार्थ बनवणाऱ्या दोन कंपन्या वेगवेगळी सर्व्हिंग छापू शकत होत्या. त्यामुळे दोन डबे शेजारी ठेवले तरी तुलना करता येत नसे.

पहिली काही वर्षं याचा फारसा बभ्रा झाला नाही. १९८० च्या दशकात चित्र पालटलं. १९८४ मध्ये केलॉग्जने राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साथीने ऑल-ब्रॅन या न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यावर तंतुमय पदार्थ आणि कर्करोग यांच्या संबंधाबद्दलचा मजकूर छापला, आणि आरोग्याच्या दाव्यांचं पेवच फुटलं. लो सोडियम, लो फॅट, लाइट अशा शब्दांनी खोकी भरून गेली. आता सर्व्हिंगच्या आकड्याला बाजारभाव आला. पदार्थात काहीही न बदलता सर्व्हिंग लहान केलं, की मीठ, चरबी, साखर सगळंच कागदावर कमी होतं. पाककृती सुधारायला पैसे आणि मेहनत लागते. आकडा बदलायला फक्त छपाई लागते. मार्च १९९० मध्ये अमेरिकेचे आरोग्यमंत्री लुई सलिव्हन यांनी किराणा दुकानाची तुलना बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याशी केली होती. जिथे कुणाची भाषा कुणाला कळत नाही, तशी लेबलांची गत झाली होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी पोषण लेबलच्या कायद्यावर सही केली. या कायद्याने लेबल सक्तीचं केलं आणि सर्व्हिंगची व्याख्या उत्पादकाच्या हातातून काढून घेतली. लोक सर्वसाधारणपणे जेवढं खातात तेवढं प्रमाण, आणि तेही कप, चमचा अशा घरगुती मापात सांगायचं, असं ठरलं. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. माणसाने किती खावं हे लेबलने सांगायचं नाही, तो किती खातो हे सांगायचं. सल्ला नको, वर्णन हवं. मला हा विचार आजही पटतो. पण वर्णन करायचं तर ते वेळोवेळी ताजं करावं लागतं, आणि गाडी नेमकी तिथेच अडली.

एफडीएने पदार्थांचे शंभराहून अधिक गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक संदर्भ प्रमाण ठरवून दिलं. चिप्स आणि बिस्किटं ३० ग्रॅम, ब्रेड ५० ग्रॅम, आइस्क्रीम अर्धा कप, शीतपेय २४० मिलिलिटर. या आकड्यांना आधार होता कृषी खात्याने १९७७-७८ आणि १९८७-८८ मध्ये केलेल्या आहार पाहण्यांचा. लोकांना आठवून सांगायला लावलं की ते खाल्लेलं कमी सांगतात, हे आहारशास्त्रात सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे मुळातलं मापच थोडं तोकडं होतं. नवे नियम जानेवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मे १९९४ पासून आजची ओळखीची काळ्या रेघांची चौकट पाकिटांवर आली.

शून्याची गोष्ट याच नियमांत दडलेली आहे. सर्व्हिंगमागे ५ पेक्षा कमी कॅलरी असतील तर शून्य लिहिता येतं. फॅट किंवा साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तरीही शून्य. टिक टॅकची एक गोळी ०.४९ ग्रॅमची असते आणि सर्व्हिंग एका गोळीचं. गोळी जवळजवळ साखरेचीच, तरी साखरेसमोर शून्य. नियम करणाऱ्यांना लहान सर्व्हिंगचा धोका दिसला नव्हता असंही नाही. संदर्भ प्रमाण ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर लो फॅट किंवा लो सोडियम म्हणण्यासाठी पदार्थाला ५० ग्रॅममागेही तीच कसोटी पार करावी लागते. कमी असल्याचा दावा करणाऱ्याला ही अट आहे. मुळीच नसल्याचा, म्हणजे फॅट-फ्रीचा दावा करणाऱ्याला मात्र ती नाही. मोठ्या दाव्याला सैल अट, हे तर्काच्या उलट आहे.

हृदयाला घातक ठरणाऱ्या ट्रान्स फॅटच्या बाबतीत हे केवळ आकड्यांचं प्रकरण राहिलं नाही. १ जानेवारी २००६ पासून लेबलवर ट्रान्स फॅट दाखवणं सक्तीचं झालं, पण अर्ध्या ग्रॅमची सूट तशीच राहिली. सर्व्हिंगमागे ०.४ ग्रॅम असलेल्या पदार्थाची दिवसात पाच सर्व्हिंग पोटात गेली तर २ ग्रॅम होतात. २,००० कॅलरींच्या आहारात दिवसाला २.२ ग्रॅमच्या आत राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाचही वेळा लेबलवर शून्य वाचलेला माणूस त्या मर्यादेला जवळजवळ टेकलेला असू शकत होता. २०१५ मध्ये एफडीएने ट्रान्स फॅटचा मुख्य स्रोत असलेल्या अंशतः हायड्रोजनेटेड तेलांना सुरक्षित मानणंच बंद केलं, तेव्हा कुठे या शून्याचं महत्त्व कमी झालं.

दरम्यान ताटातलं आणि बाटलीतलं प्रमाण वाढत होतं. कोका-कोलाची जुनी बाटली साडेसहा औंसांची होती. १९५५ मध्ये दहा आणि बारा औंसांच्या बाटल्या आल्या, आणि १९९० च्या दशकात वीस औंसांची, म्हणजे ५९१ मिलिलिटरची प्लॅस्टिकची बाटली सगळीकडे दिसू लागली. ही बाटली एक माणूस एकटाच संपवतो. पण संदर्भ प्रमाण आठ औंसांचं असल्यामुळे तिच्यावर २.५ सर्व्हिंग लिहिलेलं असायचं. मोठ्या अक्षरात १०० कॅलरी आणि २७ ग्रॅम साखर. प्रत्यक्षात पोटात जायच्या सुमारे २४० कॅलरी आणि ६५ ग्रॅम साखर. तहान लागली म्हणून बाटली उघडणाऱ्याने अडीचने गुणाकार करावा, अशी ही अपेक्षा होती.

लिसा यंग आणि मॅरियन नेस्ले या पोषणतज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाजारात तयार मिळणाऱ्या पदार्थांचे आकार सरकारी प्रमाणांशी ताडून पाहिले. सर्वांत मोठी तफावत कुकीजमध्ये निघाली, सरकारी प्रमाणापेक्षा ७०० टक्के जास्त. २००४ मध्ये एफडीएच्या लठ्ठपणाविषयीच्या कार्यगटाने एका बैठकीत संपणाऱ्या पाकिटांवर सबंध पाकिटाचा आकडा द्यावा असं उत्पादकांना सुचवलं. पण हे आवाहन होतं, सक्ती नव्हती. २०११ मध्ये सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट या ग्राहक संघटनेने डबाबंद सूप, आइस्क्रीम, कॉफी क्रीमर आणि तेलाचे स्प्रे यांच्या सर्व्हिंगवर बोट ठेवून बदलाची मागणी केली.

बदल आला तो मे २०१६ मध्ये, पहिल्या नियमांनंतर तेवीस वर्षांनी. २००३ ते २००८ या काळातल्या आहार पाहणीवरून नवी प्रमाणं ठरली. शीतपेय आठवरून बारा औंसांवर गेलं, आइस्क्रीम अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर. मफिन आणि बेगल ५५ वरून ११० ग्रॅम, म्हणजे थेट दुप्पट. दही मात्र आठ औंसांवरून सहावर उतरलं. प्रमाण वाढवायचंच असा हेतू नव्हता, लोक जे खातात त्याच्या मागे जायचं होतं, हे या दह्यावरून स्पष्ट होतं. पाकिटात संदर्भ प्रमाणाच्या दुपटीपेक्षा कमी माल असेल तर तो सगळा एकच सर्व्हिंग धरायचा, असंही ठरलं. त्यामुळे वीस औंसांची बाटली अखेर एका सर्व्हिंगची झाली. दुप्पट ते तिप्पट माल असेल, तर एका रकान्यात सर्व्हिंगचा आणि शेजारी सबंध पाकिटाचा आकडा. मोठ्या कंपन्यांना अंमलबजावणीसाठी जानेवारी २०२० पर्यंत मुदत मिळाली, लहान कंपन्यांना आणखी एक वर्ष. म्हणजे १९७७-७८ मध्ये लोकांनी सांगितलेल्या खाण्याची सावली २०२० सालच्या पाकिटांपर्यंत पोचली होती.

या सुधारणेवर एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. सर्व्हिंगचा आकडा वर्णन आहे हे कायद्याला ठाऊक आहे, वाचणाऱ्याला नाही. बरेच लोक तो आकडा सल्ला समजतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की लेबलवरचं सर्व्हिंग मोठं केलं की काही लोक स्वतःसाठी आणि इतरांसाठी जास्त वाढून घेतात. या गोंधळाला सरकारनेही हातभार लावलेला आहे. कृषी खात्याच्या १९९२ च्या आहार पिरॅमिडमध्ये रोज धान्याची ६ ते ११ सर्व्हिंग खायला सांगितली होती. तिथे सर्व्हिंग म्हणजे सल्लाच होता, आणि शिजवलेल्या पास्त्याचं माप अर्धा कप होतं. दोनच वर्षांनी आलेल्या लेबलवर त्याच शब्दाचा अर्थ वेगळा आणि पास्त्याचं माप साधारण दुप्पट.

कुठला पदार्थ कुठल्या गटात टाकायचा यावरही बरंच अवलंबून असतं. हेझलनट-कोकोचा स्प्रेड डेझर्टवर घालायच्या पदार्थांत मोडायचा, म्हणून त्याचं सर्व्हिंग दोन मोठे चमचे, सुमारे २०० कॅलरी. न्युटेला बनवणाऱ्या फेरेरोने २०१४ मध्ये एफडीएकडे अर्ज केला, की आता लोक तो जॅमसारखा टोस्टला लावतात, तेव्हा जॅमचं एका चमच्याचं माप लावावं. नोव्हेंबर २०१६ मध्ये एफडीएने त्यावर लोकांची मतं मागवली. बरणी तीच, आतला माल तोच, आणि गट बदलला की कॅलरी निम्म्या.

युरोपने वेगळी वाट धरली. १९९० च्या निर्देशापासूनच तिथे १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर हा पाया होता, आणि डिसेंबर २०१६ पासून तशी माहिती देणं बहुतेक सर्व पाकीटबंद पदार्थांना बंधनकारक झालं. सर्व्हिंगचा आकडा हवा तर जोडीला द्यावा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दोन्ही रकाने लागतात. मला हीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. १०० ग्रॅममध्ये साखरेच्या गोळीला शून्य म्हणवून घेता येत नाही, आणि दोन बिस्किटांची तुलना नजरेसरशी होते. उणीव एवढीच, की १०० ग्रॅम मीठ किंवा मसाला कुणी एका वेळी खात नाही, त्यामुळे आपल्या पोटात किती गेलं हे त्यावरून लगेच कळत नाही.

युरोपातही सर्व्हिंग मागच्या दाराने आणायचा प्रयत्न झालाच. २०१७ मध्ये कोका-कोला, पेप्सिको, नेस्ले, युनिलिव्हर, माँडेलीझ आणि मार्स या सहा कंपन्यांनी पाकिटाच्या दर्शनी बाजूसाठी रंगांची योजना मांडली. तिच्यात लाल, पिवळा की हिरवा हे सर्व्हिंगच्या आकारावरून ठरणार होतं. लहान सर्व्हिंगचे गोड पदार्थ त्यामुळे लाल रंगातून निसटतील, असा आक्षेप आरोग्य आणि ग्राहक संघटनांनी घेतला. मार्च २०१८ मध्ये मार्स बाहेर पडली आणि नोव्हेंबरमध्ये योजना स्थगित झाली. त्याच सुमारास फ्रान्सने स्वीकारलेला न्यूट्री-स्कोअर, म्हणजे पाकिटाच्या दर्शनी बाजूवरची पोषणाची श्रेणी, १०० ग्रॅमवरच मोजला जातो.

अमेरिकेच्या लेबलवर १०० ग्रॅमचा रकाना अजून सक्तीचा नाही. दुसरा रकाना आहे तो पाकिटाचा, आणि त्यालाही तिपटीची सीमा आहे. चिप्सचं संदर्भ प्रमाण ३० ग्रॅमच राहिल्यामुळे ही सीमा ९० ग्रॅमवर संपते. ९० ग्रॅमच्या पिशवीवर सबंध पिशवीच्या कॅलरी छापाव्याच लागतात. १०० ग्रॅमची पिशवी एका माणसाने एका संध्याकाळी संपवली तरी तिच्यावर त्या छापण्याचं बंधन नाही. आकड्याची खरी गरज जिथे सर्वांत जास्त, त्या मोठ्या पाकिटांनाच नियमाने मोकळं सोडलेलं आहे. ही तिपटीची सीमा काढायला नवा शोध किंवा नवी पाहणी लागत नाही. सबंध पिशवीचा आकडा उत्पादकाकडे आधीपासूनच असतो.