तंबाखूची दोरी, सायकलची तार आणि बुडोंगोचे चिंपांझी

युगांडाच्या पश्चिम भागात, आल्बर्ट सरोवराच्या ईशान्येला पसरलेल्या बुडोंगो जंगलात एक मोठे झाड आहे. त्याच्या खोडात ढोली आहे, ढोलीत वटवाघळांची वस्ती आहे आणि खाली त्यांच्या विष्ठेचा थर साचत राहतो. २०१७ मध्ये संशोधकांच्या लक्षात आले की जंगलातले चिंपांझी या झाडापाशी येतात, ढोलीत हात घालून ती विष्ठा बाहेर काढतात आणि खातात. समोर स्वयंचलित कॅमेरा बसवल्यावर तिथे कोलोबस माकडे आणि डायकर नावाचे लहान कुरंगही येत असल्याचे दिसले. दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात या तिन्ही प्राण्यांनी विष्ठा खाल्ल्याच्या ८३९ नोंदी झाल्या. विष्ठेच्या नमुन्यांत २७ विषाणू सापडले आणि त्यांतला एक, कोविडच्या विषाणूशी दूरचे नाते असलेला, कोरोना विषाणू होता. हे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा बातम्यांमध्ये विषाणूंचीच चर्चा अधिक झाली. मला मात्र त्यामागची हकिकत जास्त महत्त्वाची वाटते, कारण राखीव जंगल राखायचे म्हणजे नेमके काय राखायचे, हे तिच्यातून कळते.

चिंपांझींना तिथे ओढून नेते ते मीठ. पाने आणि फळे यांच्यात सोडियम फार थोडे असते, म्हणून वनस्पतींवर जगणाऱ्या प्राण्यांना ते कुठून तरी मिळवावेच लागते. आपल्याकडे गोठ्यात गुरांसाठी खनिजांची चाटण वीट टांगतात, ती याच गरजेपोटी. बुडोंगोतल्या चिंपांझींची चाटण वीट म्हणजे राफिया नावाचा ताडवर्गीय वृक्ष होता. हा वृक्ष मरून खोड कुजू लागले की चिंपांझी ते दातांनी फोडतात, आतला गाभा चघळतात आणि चोथा थुंकून टाकतात. या गाभ्यात सोडियमचे प्रमाण त्यांच्या इतर कोणत्याही अन्नापेक्षा कितीतरी अधिक असते.

हा राफिया गेला तो तंबाखूपायी. जंगलालगतचे शेतकरी तंबाखू पिकवतात, आणि तोडलेली पाने सुकवण्यासाठी दोरीत ओवून टांगावी लागतात. राफियाच्या झावळ्यांपासून निघणाऱ्या पट्ट्या या कामाला उत्तम. जागतिक बाजारात मागणी वाढली, तंबाखूखालचे क्षेत्र वाढले, त्याबरोबर दोरीची गरजही वाढली आणि २००६ ते २०१२ या सहा वर्षांत त्या भागातला राफिया जवळजवळ नाहीसा झाला. कोणी जंगल पेटवले नाही, मोठी यंत्रेही आत शिरली नाहीत. माणसे दोरीसाठी झावळ्या नेत राहिली, एवढेच घडले. ज्या शेतकऱ्याच्या हातात वर्षाकाठी त्या पिकाचेच काय ते पैसे येतात, त्याला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

राफिया कमी होऊ लागल्यावर चिंपांझींनी खनिजांसाठी इतर वाटा अधिक धरल्या. ते चिकणमाती खाऊ लागले आणि मातीच्या खड्ड्यांत साचलेले पाणी पिऊ लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये अशाच एका खड्ड्यापाशी निक नावाच्या म्होरक्या नराने नेहमीच्या चघळलेल्या पानांच्या बोळ्याऐवजी शेवाळाचा बोळा करून पाण्यात बुडवला आणि तोंडात पिळला. काही दिवसांतच गटातले आणखी काही जण तसेच करताना दिसले. रानटी चिंपांझींमध्ये एखादी नवी रीत उगवताना आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना अशी डोळ्यांदेखत क्वचितच सापडते. वटवाघळांच्या विष्ठेतही सोडियमसह खनिजे भरपूर असतात. त्या ढोलीकडे जाणारी वाट इथूनच फुटली असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. विष्ठा खाऊन एखादा चिंपांझी आजारी पडल्याचे या अभ्यासाने दाखवलेले नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. तरी काळजी वाटते ती अकारण नव्हे. युगांडातल्याच किबाले जंगलात २०१३ मध्ये माणसांच्या मुलांना साधी सर्दी करणारा एक विषाणू चिंपांझींच्या गटात शिरला आणि ५६ पैकी ५ जण दगावले. म्हणूनच चिंपांझींच्या मागे फिरणारे संशोधक त्यांच्यापासून ठरावीक अंतर राखतात.

बुडोंगोचे राखीव क्षेत्र सुमारे ८२५ चौरस किलोमीटर असून त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग दाट जंगलाचा आहे. त्यात सहाशे ते सातशे चिंपांझी असल्याचा अंदाज आहे. एकेकाळी हे जंगल महोगनीच्या लाकडासाठी प्रसिद्ध होते आणि आजचे संशोधन केंद्र उभे आहे तेही सोन्सो येथील जुन्या लाकूड कारखान्याच्या आवारात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ व्हर्नन रेनॉल्ड्स यांनी १९६२ मध्ये इथे चिंपांझींचा पहिला अभ्यास केला आणि युगांडातली अस्थिर वर्षे सरल्यावर १९९० मध्ये परत येऊन कायमस्वरूपी काम सुरू केले.

त्या कामात पहिल्यापासून सलत आलेली गोष्ट म्हणजे फास. कोकणात जिला फासकी म्हणतात आणि जिच्यात रानडुकराऐवजी बिबट्या अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो, तीच ही वस्तू. सायकलच्या ब्रेकची किंवा तशीच एखादी तार घ्यायची, तिचा सरकता फास करायचा आणि दुसरे टोक वाकवलेल्या फांदीला बांधून तो प्राण्यांच्या वाटेवर लावायचा. तो असतो डायकर आणि रानडुकरांसाठी. या भागातले लोक चिंपांझी खात नाहीत. पण जमिनीवरून चालणाऱ्या चिंपांझीचा हात किंवा पाय त्यात सापडतो. त्याच्या अंगात एवढी ताकद असते की तो फांदीसकट तार उपटून निघून जातो, मात्र फास मनगटावर तसाच राहतो आणि प्रत्येक हिसक्यासरशी आवळत जातो. रक्तपुरवठा थांबून बोटे वाळतात, कधी पंजाच झडतो. सोन्सो गटाच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाचांपैकी एकाच्या हातापायाला अशी इजा आढळली होती.

थोटे झालेले चिंपांझी कसे खातात, याचाही तिथे अभ्यास झाला आहे. धडधाकट चिंपांझी एका हाताने डहाळी धरतो आणि दुसऱ्या हाताने पाने ओरबाडून घडी करून तोंडात टाकतो. पंजा गमावलेला चिंपांझी वेगळी युक्ती शोधत बसत नाही. तो हीच कृती मनगटाच्या खोबणीत डहाळी दाबून, पायाने धरून किंवा ओठांनी ओढून पुरी करतो. ते वर्णन वाचताना कौतुक वाटते आणि त्याच वेळी पोटात तुटते. चिंपांझीची मादी पहिल्यांदा विते तीच तेराचौदाव्या वर्षाच्या सुमारास आणि दोन पिल्लांमध्ये पाच ते सहा वर्षांचे अंतर असते. एक मादी गेली की गटातली ती तूट सहजी भरून निघत नाही.

फास शोधून काढण्यासाठी पथके जंगलात पायी फिरतात. पालापाचोळ्यात दडलेली तार नजरेला पडणे कठीण, त्यामुळे हे काम कधी संपत नाही, आणि काढलेल्या फासाच्या जागी दुसरा लावायला माणसाला काही मिनिटे पुरतात. म्हणून केंद्राने शिकाऱ्यांशीच बोलणे सुरू केले. जे फास देऊन टाकायला आणि शिकार सोडायला तयार झाले, त्यांना मांसाची आणि पैशाची सोय म्हणून शेळ्या देण्यात आल्या आणि त्यांच्या जनावरांना पशुवैद्यकीय मदतही मिळू लागली. कुठे फास लागतात आणि डायकर कोणत्या वाटेने पाण्यावर येतो, हे या माणसांइतके कोणालाच ठाऊक नसते.

जंगलाच्या कडेला आता उसाचे फड वाढत चालले आहेत. नदीकाठच्या झाडीचे जे पट्टे एका जंगलातून दुसऱ्यात जायला चिंपांझींना उपयोगी पडत, ते उसाखाली आणि इतर पिकांखाली तुटत आहेत. फडात शिरलेला चिंपांझी ऊस मोडून खातो, पीक राखण्यासाठी शेतकरी सापळा लावतो, आणि ज्या शिकाऱ्याने जंगलातली तार परत केली त्याच्याच शेजाऱ्याच्या बांधावर लोखंडी जबडा मांडलेला असतो.