तलाठ्याचा आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा आठ

गावात एखादी पडकी जागा असतेच. मातीच्या भिंतीचा एक कोपरा उभा, मधे बाभळी माजलेल्या, कडेला कुणीतरी सरपण रचून ठेवलेलं. ती विकत घ्यायची म्हणून, नाहीतर शेजारच्या हद्दीचा वाद मिटवायचा म्हणून मालक शोधायला निघालं की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. तलाठी म्हणतो, "याचा सातबारा नाही." आणि पारावरचं कुणीतरी म्हणतं, "नसू दे. आठ-अ आहे की त्यांच्या नावावर!" दोघंही खरंच बोलत असतात. घोळ आहे तो त्या आठाच्या आकड्यात.

महसूल खात्याच्या दप्तरात गाव नमुना 8अ आहे, आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना 8 आहे. बोलण्याच्या ओघात लोक दुसऱ्यालाही बिनदिक्कत 'आठ-अ' म्हणतात. कार्यालयं वेगळी, कायदे वेगळे, हेतू वेगळे. तरी व्यवहाराच्या बैठकीत एक कागद दुसऱ्याच्या जागी खपून जातो.

तलाठ्याचा (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकाऱ्याचा) 8अ माणसाच्या नावाने उघडलेला असतो. वर खाते क्रमांक, मग खातेदाराचं नाव, आणि त्या गावात त्या खात्यावर जेवढे गट (जमिनीचे नंबर पडलेले तुकडे) आहेत त्यांची यादी: क्षेत्र, आकारणी, स्थानिक उपकर. सातबारा जमिनीच्या तुकड्याचा, 8अ धारकाचा. म्हणून गट नंबर ठाऊक नाही पण आजोबांचं नाव ठाऊक आहे, अशा वेळी 8अ हाच पहिला दरवाजा. मात्र तो गावापुरताच असतो. तीन गावांत जमीन असेल तर तीन उतारे काढावे लागतात. शिवाय भावाभावांचं सामाईक खातं वेगळ्या क्रमांकाचं असतं, तेव्हा पहिलं खातं सापडलं म्हणून तिथेच थांबू नये. गट कळला की सातबाऱ्याकडे वळायचं, कारण नाव तिथे कोणत्या वाटेने आलं हे फेरफाराच्या, म्हणजे नोंदीतल्या बदलाच्या, क्रमांकावरून उलगडतं. नावच कंसात घातलेलं दिसलं, तर त्या माणसाचं नाव एखाद्या फेरफाराने कमी झालेलं असतं. हे न बघता कंसातल्या माणसाशीच सौदा ठरवणारे लोकही आहेत.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणी नोंदवही. ग्रामपंचायत अधिनियम 1958 प्रमाणे पंचायतीला घरांवर आणि शेतसारा नसलेल्या जागांवर कर बसवता येतो. तो किती आणि कुणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ही वही. यात गट नंबर महत्त्वाचा नसतो, मिळकत क्रमांक असतो, आणि नव्याने आकारणी झाली की तो बदलूही शकतो. घर मातीचं की सिमेंटचं, लांबी-रुंदी किती, पाणीपट्टी किती, दिवाबत्ती किती, हे सगळं तिथे सापडतं. आणि दोन रकाने अगदी शेजारी शेजारी असतात: एक मालकाच्या नावाचा, दुसरा भोगवटा करणाऱ्याच्या, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या, नावाचा.

खरी मेख या दोन रकान्यांत आहे. कर वसूल करणाऱ्याला पैसे कोण भरतो याच्याशी मतलब. घरपट्टी भरायला जो येतो त्याचं नाव आधी भोगवट्यात बसतं. पुढच्या आकारणीत वही नव्याने लिहिताना तेच नाव सरकून मालकाच्या रकान्यात जातं, आणि भोगवट्याच्या रकान्यात 'स्वतः' एवढं लिहिलं की पान पूर्ण. कुणी लबाडी केलेली असतेच असं नाही, नक्कल करणारा हात नुसता कंटाळलेला असतो. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचीही नोंद या वहीत असू शकते. तेव्हा 'वीस वर्षं घरपट्टी आमच्या नावावर आहे' या वाक्याचा अर्थ एवढाच, की वीस वर्षं घरपट्टी यांच्या नावावर आहे.

मग त्या पडक्या जागेचा सातबारा का नाही? इंग्रजी अमदानीत मोजणी झाली ती सारा बसवायला. लागवडीची जमीन शेतवार मोजली, तिला सर्व्हे नंबर पडले. राहत्या वस्तीवर सारा नव्हता, म्हणून गावठाण नकाशावर एकच सलग डाग म्हणून राहिलं. आत कुणाचं घर कुठे संपतं आणि कुणाचं सुरू होतं, याची महसुली नोंदच झाली नाही. दोन हजारांहून जास्त वस्तीच्या गावांच्या गावठाणांचं पुढे नगर भूमापन (सिटी सर्व्हे) करण्याचं धोरण आलं, तिथे प्रत्येक जागेची मालमत्ता पत्रकं (प्रॉपर्टी कार्ड) तयार झाली. लहान गावांत मात्र ग्रामपंचायतीची वही हाच एकमेव कागद उरला, आणि एकमेव म्हणून तो मालकीचा मानला जाऊ लागला.

कायद्याच्या नजरेत दोन्ही आठ एका पंगतीत बसत नाहीत. महसूल संहिता 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, म्हणजे सातबारा आणि फेरफाराची, उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. ग्रामपंचायतीच्या वहीला असं पाठबळ नाही. त्यावरून सातबारा म्हणजे मालकीचा दाखला, असंही समजू नका. महसुली नोंद साऱ्याच्या सोयीसाठी असते, तिने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मालकी येते ती खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, वारसा किंवा न्यायालयाचा हुकूमनामा यांतून. सातबारा त्या वाटेवरचा चांगला मैलाचा दगड, आणि पंचायतीचा आठ म्हणजे वाटेतल्या टपरीवाल्याने सांगितलेला पत्ता. तोही कधी कधी बरोबर निघतो.

गावठाणाबाहेरच्या जमिनीचा सातबारा सापडत नसेल तर प्रकरण बहुधा सोपं असतं. तुमच्या हातात जुना सर्व्हे नंबर असतो आणि गावात जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन नवे गट नंबर पडलेले असतात. कोणता सर्व्हे कोणत्या गटात गेला ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या कागदांवरून जुळतं. नाहीतर ती जमीन नगर भूमापनात गेल्यामुळे सातबारा बंद होऊन मालमत्ता पत्रक उघडलेलं असतं.

गावठाणातल्या जागेसाठी मात्र चिकाटी लागते. ग्रामपंचायतीत चालू सालचा उतारा मागून परत फिरू नका. मागच्या आकारण्यांच्या जुन्या नमुना 8 च्या नकला मागा, आणि नाव कोणत्या साली बदललं ते बघा. बदललं असेल तर त्यामागे अर्ज, दस्त किंवा मासिक सभेचा ठराव असायला हवा. तो मागितल्यावर समोरून जो अवघडलेला खोकला येतो, त्यावरूनही बरंच कळतं!

त्याहून भरवशाची जागा म्हणजे शेजाऱ्याची पेटी. गावठाणातल्या घराच्या नोंदणीकृत खरेदीखतात क्षेत्राइतकाच महत्त्वाचा मजकूर असतो तो चतुःसीमेचा: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस अमुक यांचा वाडा, उत्तरेस तमुक यांची पडीक जागा. लिहून देणाऱ्याला त्या शेजारच्या जागेत काडीचा रस नसतो, म्हणूनच त्याने घातलेलं नाव मोलाचं. चारही बाजूंच्या खतांत पडक्या जागेवर एकाच घराण्याचं नाव येत असेल, तर माझ्या मते ते गेल्या दहा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्यांपेक्षा जड भरतं. ते नाव घेऊन दुय्यम निबंधकाकडे सूची दोनचा, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घ्यायचा, म्हणजे त्या घराण्याने जागा पुढे कुणाला दिली का ते कळतं. दिली नसेल तर वंशावळ काढून वारस गाठायचे. बहुतेक वेळा ते शहरात असतात, आणि गावात आपली जागा आहे हे त्यांना तुमच्याकडूनच कळतं.

आता ड्रोनमुळे या गोष्टीला नवं वळण लागलं आहे. 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. महाराष्ट्रात गावठाण मोजणीचं काम त्याआधीच हाती घेतलेलं होतं. लोक आपापल्या हद्दीवर चुना टाकतात, वरून ड्रोन जातो, नकाशा तयार होतो, मग चौकशी होऊन मालमत्ता पत्रक आणि सनद मिळते. पण चुन्याच्या रेषेच्या आत नाव कुणाचं? चौकशीला हाताशी असतो तो ग्रामपंचायतीचाच नमुना 8. म्हणजे कंटाळलेल्या हाताने मालकाच्या रकान्यात सरकवलेलं नाव, कुणी हरकत घेतली नाही तर, थेट सरकारी पत्रकावर जाऊन बसतं. आणि कुणीच हक्क दाखवला नाही, तर संहितेचं कलम 20 आहेच: जी कुणाचीच नाही ती जमीन शासनाची.

म्हणून चौकशीची नोटीस चावडीवर लागली की वारसांना फोन करायचा तो त्याच दिवशी. सरपण रचणाऱ्याच्या नावाने पत्रक निघून गेलं असेल, तर नोंदीविरुद्ध अपील भूमी अभिलेख खात्याकडे आणि मालकीचा दावा दिवाणी न्यायालयात. दोन्हीकडे फायलीत वर ठेवायचं ते शेजाऱ्याचं जुनं खत, चतुःसीमेच्या ओळीला पेन्सिलीने खूण करून.