तालीम

तालीम हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत नाटकाचीही तालीम होते. पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे ‘पोरगं तालमीत घातलंय’ असे म्हटले की एकच अर्थ निघतो: पोरगा आता पहाटे उठून मातीत लोळणार. वास्तू, तिथली मेहनत आणि ती चालवणारे मंडळ या तिन्हींना हेच एक नाव आहे.

जुन्या तालमीची इमारत बुटकी आणि काळोखी असते. दार ठेंगणे, त्यामुळे आत जाताना पैलवानालाही वाकावे लागते. खिडक्या मोजक्या, घामेजल्या अंगावर वारा येऊ नये हा हेतू. कोनाड्यात मारुती. मधोमध हौदा, म्हणजे चाळलेल्या तांबड्या मातीचा खड्डा. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे काय काय मिसळतात आणि प्रत्येक तालमीला आपलेच प्रमाण योग्य वाटते. ही माती पाणी मारून ओलसर ठेवावी लागते आणि रोज उकरावी लागते. नव्या पोराच्या हाती पहिल्यांदा डाव येत नाही, खोरे येते. हौदा उकरणे ही सेवा तर खरीच, पण खांदे, कंबर आणि मनगट यांचा याहून स्वस्त व्यायाम शोधून सापडणार नाही.

दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. जोर आणि बैठका ही मेहनतीची दोन पायाभूत अंगे, दोन्ही शेकड्यांत मोजायची. जोडीला दोरावर चढणे, करेला आणि मुद्गल ही जड लाकडी साधने फिरवणे. मग लढत, म्हणजे सरावाची कुस्ती. ढाक, कलाजंग, एकलंगी, घिस्सा, धोबीपछाड, मोळी हे डाव तोंडी सांगून येत नाहीत. वस्ताद काठावर बसून बघतो, चुकले की खेकसतो, फार झाले तर स्वतः हौद्यात उतरतो. संध्याकाळी पुन्हा मेहनत. मधला वेळ खाण्याचा आणि झोपेचा. खुराकात दूध, तूप, कुंडीत घोटलेल्या बदामाची थंडाई आणि मांसाहारी असेल त्याला मटण. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणून समोर काढलेले धारोष्ण दूध आजही मिळते. पैलवानकीत तालमीच्या फीपेक्षा हा खुराकच घराला जड जातो. एक मुलगा तालमीत घालायचा म्हणजे गोठ्यातली एक म्हैस त्याच्या नावावर करण्यासारखे असते.

तालमीत ‘स्वसंरक्षण’ हा शब्द कुणी वापरत नाही, पण शिकवतात तेच. पहिले शिक्षण पडण्याचे. मान आत घेऊन, श्वास सोडून, अंग सैल टाकून कसे पडायचे, हे मऊ मातीत शेकडो वेळा पडूनच कळते. दुसरे, खाली दाबले गेल्यावर न घाबरता पूल करून, म्हणजे डोके आणि पाय टेकवून अंगाची कमान करून, खांदे वर ठेवणे. मातीतल्या निकाली कुस्तीला घड्याळ नसते. दोन्ही खांदे मातीला लागून माणूस चितपट होईपर्यंत ती चालते. त्यामुळे दम राखणे आणि पकड न सोडणे याला तिथे फार किंमत. पूर्वी अनेक तालमींत कुस्तीसोबत लाठी, दांडपट्टा, फरी-गदगा (छोटी ढाल आणि काठी), बोथाटी (बोथट टोकाचा भाला) हेही शिकवत. १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर हत्यार बाळगणे अवघड झाले. लाठी मात्र काठीच राहिली, तिला परवाना लागला नाही. कोल्हापुरात हा वारसा मर्दानी खेळांच्या आखाड्यांनी टिकवला.

तालमींचा सुवर्णकाळ म्हटला की कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे नाव येते, आणि ते रास्तच आहे. १८९४ ते १९२२ या कारकिर्दीत त्यांनी पैलवानांना आश्रय दिला, पंजाबातले मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधले प्राचीन क्रीडागार पाहून त्यांनी खासबाग मैदानाची कल्पना धरली. ते १९१२ मध्ये पुरे झाले. हौदा मध्यभागी उंचावर आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसते. पुढे हिंदकेसरीचा पहिला किताब १९५९ मध्ये कोल्हापुरात घडलेल्या श्रीपती खंचनाळे यांनी आणि १९६० चा गणपतराव आंदळकर यांनी मिळवला. आंदळकर पुढे मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले.

संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रय गेला. त्याची जागा काही अंशी सहकारी साखर कारखान्यांच्या मानधनाने आणि गावोगावच्या जत्रांतल्या इनामी कुस्त्यांनी घेतली. हलगी कडाडते, नारळाच्या बक्षिसावर लागणाऱ्या पोरांच्या कुस्त्यांनी मैदान सुरू होते आणि दिवस कलताना मोठी जोड लागते. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा मानाचा किताबही आला. खेळ मात्र बदलत होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत वाढले. मॅटशी, म्हणजे गादीवरच्या कुस्तीशी, त्यांची खरी गाठ पडली ती १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, तिथे ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब; मातीत तासभर झुंजणाऱ्याला ही घाई मुळातून शिकावी लागते. आता बहुतेक मोठ्या तालमींत हौद्याशेजारी मॅट अंथरलेली असते.

तालीम पेठेची असते, एकट्या पैलवानाची नव्हे. पुण्यातला मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा आहे आणि या तालमीच्या उत्सवाची सुरुवात हिंदू-मुस्लिम कार्यकर्त्यांनी मिळून केल्याचे सांगतात. कोल्हापुरात अनेक तालमींत मोहरमचे पंजे बसतात. दोन्ही सण एकत्र येतात त्या वर्षी गणपती आणि पंजे शेजारी शेजारी असतात. पेठेत आग लागो, पंचगंगेला पूर येवो, आधी धावतात ती तालमीचीच पोरे. अर्थात हीच पोरे मिरवणुकीतल्या हाणामारीत आणि निवडणुकीच्या धाकदपटशातही पुढे असतात. ‘दादा’ या शब्दाला मराठीत जो दुसरा वास आहे, त्यात तालमीचा वाटा नाकारता येत नाही. पोरांना आवरणारा वस्ताद असला की तालीम तालीम राहते, नाहीतर नुसता अड्डा होतो.

बाईमाणसाला हौद्यात पाऊल ठेवू न देण्याची जुनी रीत बहुतेक ठिकाणी दीर्घकाळ चालली. ती मोडली मुलींच्या मॅटवरील कुस्तीने. २०२३ मध्ये सांगलीत महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी विजेती ठरली.

शहरांत जागेचे भाव वाढले, जिम आली, पहाटे चारला उठणारी पोरे घटली. काही तालमींत हौदा बुजवून फरशी घातली आहे. नावे मात्र कुणी टाकत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की फलकावर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम अशीच नावे लागतात, आणि प्रेक्षकांतली निम्मी पेठ घसा फोडून आपापल्या तालमीच्या नावाने ओरडत असते.