हजार रोबोंचा थवा: नियम आधी, देह नंतर

थव्याने काम करणाऱ्या छोट्या रोबोंच्या संशोधनात नियम लवकर सापडले. अडलं ते रोबोच्या देहाशी.

१९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकाच्या पडद्यावर पक्ष्यांचा थवा उडवला. प्रत्येक पक्ष्याला नियम तीनच: शेजाऱ्याला धडकायचं नाही, तो जातो त्या दिशेला वळायचं, घोळक्यापासून तुटायचं नाही. पण पडद्यावर शेजारी कुठे आहे हे संगणकाला आयतंच ठाऊक असतं. टेबलावरच्या रोबोला ते मोजावं लागतं. शिवाय रोबो महाग. २००१ ते २००५ दरम्यान ब्रसेल्सच्या मार्को डोरिगो यांच्या नेतृत्वाखाली युरोपात झालेल्या प्रकल्पातले रोबो एकमेकांना पकडून खाचा ओलांडत, पण ते काही डझनच होते.

हार्वर्डमध्ये राधिका नागपाल आणि मायकेल रुबेनस्टाइन यांनी प्रश्न उलटा धरला: अगदी स्वस्त रोबोत काय काय वगळता येईल? त्यातून घडलेल्या ‘किलोबोट’ या रोबोचा व्यास ३३ मिलिमीटर, सुट्या भागांचा खर्च सुमारे १४ डॉलर. चाकं नाहीतच, तीन ताठ पाय आणि मोबाइलमध्ये असतात तशा दोन कंपन-मोटारी. एक मोटार चालवली की रोबो एका बाजूला वळतो, दुसरी चालवली की दुसऱ्या. वेग सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर. पोटाखालचा अवरक्त दिवा टेबलावर प्रकाश टाकतो. परावर्तित प्रकाश किती तीव्र आहे यावरून शेजारी अंतर काढतो. दिशा मात्र कळत नाही. पुढची सगळी युक्ती या उणिवेभोवतीच बांधलेली आहे.

२०१४ मध्ये १०२४ किलोबोटांनी चांदणी आणि इंग्रजी ‘के’ अक्षर साकारलं. चार रोबो हाताने ठेवून मूळबिंदू ठरवला. साकारायचा आकार बाकीच्यांना आधीच दिलेला होता. मूळबिंदूचा आकडा शून्य; बाकी प्रत्येक रोबो शेजाऱ्यांमधला सर्वांत लहान आकडा घेऊन त्यात एक मिळवतो. हे मूळबिंदूपासूनचं त्याचं अंतर. ज्याचा आकडा भोवतालच्यांत मोठा, तो बाहेरच्या कडेचा, म्हणून तो आधी निघतो आणि घोळक्याच्या कडेने ठरावीक अंतर राखत सरकतो. स्वतःची जागा कळलेले, एका रेषेत नसलेले किमान तीन शेजारी भेटले की त्यांच्यापासूनच्या अंतरांवरून तो आपली जागा काढतो. एका आकाराला साधारण बारा तास लागले.

खरी शिकवण बिघाडांत होती. एखादी मोटार अडकली की मागे रांग तुंबते, आणि अडकलेल्याला मात्र आपण चालतोय असंच वाटतं. त्यावर उपाय म्हणजे शेजाऱ्यांशी असलेलं अंतर बदलतंय का हे तपासत राहणं. अंतर मोजण्यातल्या बारीक चुका एकावर एक साचत जाऊन आकार किंचित वाकडे झाले, ते झालेच.

२०२२ च्या जानेवारीत दिल्लीच्या विजय चौकात १००० ड्रोन उडाले. तो देखावा डोळे दिपवणारा होता, पण तिथे प्रत्येकाचा मार्ग आधीच आखलेला होता; ही शाखा वेगळी. किलोबोटचा खरा वारसा त्याच वर्षी चीनच्या चच्यांग विद्यापीठाने बांबूच्या बनात दाखवला. तळहाताएवढे दहा ड्रोन जीपीएसशिवाय, स्वतःच्या कॅमेऱ्यावर उडाले. प्रत्येक जण आपला पुढचा मार्ग इतरांना कळवी आणि त्यांचे मार्ग चुकवून आपला आखी. जागेच्या अंदाजात साचणारी चूक तिथेही होतीच. ती एकमेकांमधलं अंतर रेडिओलहरींनी मोजून दुरुस्त केली जाई.