नॉर्म कॅशच्या बॅटमध्ये काय होतं?

१९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींची नजर न्यूयॉर्क यांकीजच्या दोघांवर खिळली होती. रॉजर मॅरिस आणि मिकी मँटल बेब रूथच्या एका मोसमातल्या ६० होम रनच्या (क्रिकेटमधल्या षटकारासारखे, मैदानाबाहेर मारलेले फटके) विक्रमामागे लागले होते आणि मॅरिसने ६१ मारून तो मोडला. या गडबडीत डेट्रॉइट टायगर्सच्या नॉर्म कॅशकडे बघायचं राहूनच गेलं. टेक्सासचा हा २६ वर्षांचा डावखुरा फलंदाज त्या मोसमात ०.३६१ च्या सरासरीने खेळला, ४१ होम रन मारले आणि अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगपैकी एक) सरासरीत पहिला आला. पुढच्या वर्षी त्याची सरासरी होती ०.२४३. तो १९७४ पर्यंत खेळला, एकूण ३७७ होम रन त्याच्या नावावर लागले, पण १९६१ सोडलं तर पूर्ण मोसमात ०.३०० ची रेषा त्याला ना आधी गाठता आली, ना नंतर.

आपल्या क्रिकेटच्या सरासरीहून हा हिशेब वेगळा आहे. फलंदाजीच्या शंभर संधींपैकी किती वेळा चेंडू मारून सुखरूप बेस (धावताना गाठायचा टप्पा) गाठला, म्हणजे ‘हिट’ मिळवला, एवढंच इथे मोजतात. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चार वाईट चेंडू टाकून फुकट बेस दिला, तर ती संधी धरतच नाहीत. कॅशने १९६१ मध्ये ५३५ संधींत १९३ हिट मिळवले. दहातल्या तीन संधी साधणारा उत्तम फलंदाज समजतात, म्हणजे त्याने काय केलं ते ध्यानात येईल.

मग हे एकच वर्ष असं का? सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उत्तर खुद्द कॅशनेच दिलं. निवृत्तीनंतर त्याने उघड कबूल केलं की तो बॅट पोकळ करून वापरायचा. जाड टोकाकडून ड्रिलने भोक पाडायचं, आत कॉर्क भरायचं, तोंड बुजवायचं आणि वरून घासून गुळगुळीत करायचं. नियमाप्रमाणे ही सरळ फसवणूक आहे. अनेकांसाठी वाद तिथेच मिटतो.

भौतिकशास्त्राला मात्र तो मिटलेला वाटत नाही. ॲलन नेथन, लॉइड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत हवेच्या तोफेतून चेंडू सोडून अशा बॅट तपासल्या. कॉर्क स्प्रिंगसारखं काम करून चेंडू उसळवतं ही समजूत खोटी ठरली. चेंडू आणि बॅट एकमेकांना जेमतेम एक सहस्रांश सेकंद चिकटतात. तेवढ्यात दबतो तो मुख्यतः चेंडू. बॅटची लाकडी भिंत इतकी ताठ असते की आतल्या कॉर्कला काही करायला वावच मिळत नाही. बॅट चाळीस-पन्नास ग्रॅमने हलकी होते, म्हणून थोडी वेगाने फिरते, पण हलक्या बॅटचा तडाखाही कमी बसतो. दोन्हीची वजाबाकी केली की चेंडू लांब जात नाही, उलट किंचित कमीच जातो.

एक फायदा मात्र खरा आहे. ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत ०.४ सेकंदात पोचतो. बॅट चपळ असेल तर निर्णयाला काही सहस्रांश सेकंद जास्त मिळतात आणि चेंडू बॅटवर नीट येतो. म्हणजे कॉर्कमुळे होम रन नव्हे, सरासरी वाढू शकते.

दुसरं उत्तर लीगच्या विस्ताराचं. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये आठाचे दहा संघ झाले, एरवी वर आले नसते असे पिचर मैदानात आले. पण मग सगळ्यांचीच सरासरी फुगायला हवी होती, आणि लीगची एकूण सरासरी १९६० ते १९६२ मध्ये जवळपास जागची हलली नाही. डेट्रॉइटच्या मैदानाची उजवी बाजू डावखुऱ्याला सोयीची होती, पण ती १९६२ मध्येही तिथेच होती.

आता १९६१ आणि १९६२ चे आकडे शेजारी-शेजारी मांडून बघा. होम रन ४१ आणि ३९. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होणं, ८५ आणि ८२. जोर तोच, चुकण्याचं प्रमाणही तेच! मग सरासरीतले ११८ अंक (०.३६१ वरून ०.२४३) गेले कुठे? होम रन आणि स्ट्राइकआउट वगळले की उरतात मैदानात पडलेले चेंडू. १९६१ मध्ये अशा ४०९ चेंडूंपैकी १५२ हिट झाले, म्हणजे ३७ टक्के. १९६२ मध्ये ३८६ पैकी ८४, जेमतेम २२ टक्के. १९६२ मध्ये एवढं एकच प्रमाण पूर्वीसारखं राहिलं असतं, तर त्याची सरासरी सुमारे ०.३६० झाली असती.

मैदानात पडलेल्या चेंडूवर फलंदाजाची हुकमत अर्धवटच असते. चेंडू किती कडक मारायचा हे त्याच्या हातात, पण तो फील्डरच्या हातमोज्यात जाईल की दोन हात बाजूने निसटेल, यात नशिबाचा वाटा मोठा. म्हणून सगळं नशिबावर ढकलावं का? मला ते पटत नाही. कॅशची कारकिर्दीतली सरासरी ०.२७१. त्या हिशेबाने ५३५ संधींत सुमारे १४५ हिट अपेक्षित, आणि निव्वळ योगायोगाने होणारी चढउतार साधारण दहाची. १९३ म्हणजे ४८ जास्त, जवळपास पाच पट. एवढी उडी नाणेफेकीने सहसा मिळत नाही. १९६२ मध्ये मात्र १३७ अपेक्षित होते आणि मिळाले १२३. ती घसरण अगदी किरकोळ योगायोगात बसते.

लोक १९६२ ला ‘कोसळला’ म्हणतात ते म्हणूनच मला अन्याय्य वाटतं. उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्याहून थोडी बुटकी निघतात हे फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये दाखवलं. टोकाच्या आकड्यानंतरचा आकडा मधल्याकडे झुकतो, त्यासाठी कुणी बिघडावं लागत नाही. कॅश त्या एका वर्षी खरोखर बहरात होता, त्यात बहुधा चपळ बॅटची भर पडली, आणि वर चेंडूही मोकळ्या जागी पडत गेले. हजारो मोसमांतून आपण नेमका तोच उचलून पाहतो, कारण तिथे तिन्ही गोष्टी जुळल्या.

आज मोठ्या लीगच्या मैदानांवर कॅमेरे प्रत्येक फटक्याचा वेग आणि कोन टिपतात. ही सोय २०१५ पासून सगळीकडे आहे. १९६१ च्या त्या १५२ फटक्यांमागे फक्त धावफलकाची नोंद आहे.

१५ जुलै १९७३ ला डेट्रॉइटमध्ये प्रतिस्पर्धी पिचर नोलन रायन एकही हिट न देता शेवटच्या फलंदाजापर्यंत आला. तो फलंदाज कॅश होता, आणि हातात बॅटऐवजी टेबलाचा पाय घेऊन आला. पंचांनी परत पाठवल्यावर तो नेहमीची बॅट घेऊन उभा राहिला. चेंडू बॅटला लागला, वर उडाला आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) हातात पडला.