टीव्हीला लागणारी वीज आणि वाटेत सांडणारी वीज

मोटारीमागे जोडायचं छोटं फिरतं घर बांधून घ्यायचं म्हटलं, तर बेळगावकराला त्यासाठी लांब जावं लागत नाही. पत्रा वाकवणारे, चॅसी वेल्ड करणारे कसबी लोक उद्यमबागेत आहेत. काम अडतं ते ट्रेलरमध्ये वीज खेळवताना. मालक विचारतो, ‘किती व्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा, इन्व्हर्टर बसवू?’ आणि वायरमन घराच्या हिशेबाने उत्तर देतो. माझं मत असं की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. नीट विचार केला, तर टीव्ही, मोबाइल, दिवे आणि पंखा एवढ्यासाठी इन्व्हर्टरची गरजच पडत नाही.

आधी टीव्हीच्या पाठीकडे बघा. २४ इंचांपर्यंतचे बरेच एलईडी टीव्ही बाहेरच्या अॅडॅप्टरवर चालतात. अॅडॅप्टरवर ‘आउटपुट १२ व्होल्ट, ३ अॅम्पिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार ३६ वॉट, आणि तीही वरची मर्यादा. प्रत्यक्षात असा टीव्ही २५-३० वॉटमध्ये भागवतो. यातला मोठा वाटा पडद्यामागच्या दिव्यांचा असतो. म्हणूनच रात्री ट्रेलरच्या अंधारात ब्राइटनेस अर्ध्यावर आणला, की डोळ्यांना बरं वाटतं आणि बॅटरीही वाचते.

म्हणजे टीव्हीला मुळात डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज हवी असते. ट्रेलरच्या बॅटरीतही डीसीच असते, आणि तीही १२ व्होल्टच्या आसपास. तरीही आपण मधे इन्व्हर्टर घालतो तेव्हा काय होतं? छोटा इन्व्हर्टर बहुधा १२ व्होल्ट आधी तीनशेच्या वर चढवतो, मग ती वीज उलटसुलट करून २३० व्होल्ट एसी बनवतो. टीव्हीचा अॅडॅप्टर ती एसी पुन्हा सरळ करतो. २३० व्होल्ट एसीचं शिखर ३२५ व्होल्टवर असतं, त्यामुळे अॅडॅप्टरच्या पोटात पुन्हा तीनशेच्या वर डीसी तयार होते. ती उतरवून तो शेवटी टीव्हीला १२ व्होल्ट देतो. बेळगावहून खानापूरला जायला आधी निपाणी गाठावी, तसा हा प्रवास आहे. दोन्ही टप्प्यांवर दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. अॅडॅप्टर हाताला गरम लागतो तो म्हणूनच.

पण वीज खाणारा खरा वेगळाच आहे. १००० वॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, त्यावर काहीही लावलं नाही, तरी स्वतःला जागं ठेवण्यासाठी तो साधारण १० ते २० वॉट घेतो. १५ वॉट धरले तर २४ तासांत ३६० वॉट-तास झाले. टीव्ही मात्र ३० वॉटने चार तास पाहिला तरी १२० वॉट-तासच लागतात. दिवसभर विसरलेला इन्व्हर्टर टीव्हीच्या तिप्पट वीज पितो आणि दोष बिचाऱ्या टीव्हीला येतो. इन्व्हर्टर जितका मोठा, तितकी त्याची ही रिकामी भूक साधारणपणे मोठी. ‘असू दे, पुढेमागे लागेल’ म्हणून २००० वॉटचा घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता एका रात्रीचा हिशेब मांडू. टीव्हीचे १२०, सेट-टॉप बॉक्स १० वॉटने चार तास म्हणजे ४०, एलईडी दिवे १५ वॉटने पाच तास म्हणजे ७५, डीसी पंखा २० वॉटने आठ तास म्हणजे १६०, तीन मोबाइलचे ६०, लॅपटॉपचे ६० आणि वायफाय राउटर रात्रभर चालला तर १०० च्या आत-बाहेर. सगळं मिळून सहाशेच्या थोडं वर. पंखा टीव्हीपेक्षा जास्त घेतो, हे बघून पुष्कळांना नवल वाटतं. पण पंखा आठ तास फिरतो. वॉटला तासांनी गुणल्याशिवाय बॅटरीची भाषा कळत नाही.

सहाशे वॉट-तासांसाठी बॅटरी केवढी? घरी इन्व्हर्टरखाली असते ती १५० अॅम्पिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते. पण शिसे-आम्लाची बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली, तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून वापरायचे ९००. तिचं वजन ५० किलोच्या वर, पोटात पातळ आम्ल, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडण्याची सवय. चोर्ल्याच्या वळणांवर किंवा खानापूरपुढच्या खडबडीत रस्त्यावर हे सगळं मागे हिंदकळत नेणं मला पटत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अॅम्पिअर-तासांची बॅटरी १२८० वॉट-तासांची असते, त्यातले हजारभर बिनघोर वापरता येतात आणि वजन १०-१५ किलोंत आटोपतं. महाग आहे, पण ट्रेलरमध्ये ती पैसे वसूल करते. ओढणाऱ्या गाडीची बॅटरी मात्र यासाठी वापरू नये. ती काही सेकंद भरपूर करंट देऊन इंजिन फिरवण्यासाठी बनवलेली असते. हळूहळू रिकामी होणं तिला सोसत नाही. सौंदत्तीच्या यात्रेत ट्रॅक्टरच्या बॅटरीवर रात्रभर गाणी लावली, तर सकाळी तो ट्रॅक्टर दुसऱ्याने ओढून सुरू करायची पाळी येते, ती याच कारणाने.

डीसी वापरायची तर एक किंमत मोजावी लागते आणि ती वायरीत मोजावी लागते. हा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

तीच ३६ वॉट वीज २३० व्होल्टवर नेली तर करंट ०.१६ अॅम्पिअर. १२ व्होल्टवर नेली तर ३ अॅम्पिअर, म्हणजे एकोणीस पट. वायरीत उष्णता होऊन जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे त्याच वायरीत नुकसान साडेतीनशे पटींहून जास्त होतं. सह्याद्री ओलांडणाऱ्या तारांमध्ये लाखो व्होल्ट ठेवतात ते याच गणितासाठी; ट्रेलरमध्ये आपण नेमकं उलट टोकाला उभे असतो.

आकडे घेऊन बघू. बॅटरी ट्रेलरच्या नाकाशी आणि टीव्ही मागच्या भिंतीवर, वायरीचा मार्ग सहा मीटर. जाणारी आणि येणारी धरून बारा मीटर तांबं. घरातल्या दिव्यांना वापरतो ती दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर घातली, तर रोध, म्हणजे वायरीचा विजेला होणारा अडथळा, साधारण ०.१४ ओहम. ३ अॅम्पिअरला ०.४ व्होल्ट वाटेतच गळतात. चालून जाईल असं वाटतं. पण वायरमनने त्याच जोडीवर कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिजही टाकला आणि करंट ८ अॅम्पिअरवर गेला, की गळती १.१ व्होल्ट होते. निम्म्यावर आलेली शिशाची बॅटरी स्थिर असताना १२.२ व्होल्ट दाखवते, टीव्हीपर्यंत ११.१ पोचतात. फ्रिज सुरू होताना करंट क्षणभर आणखी उसळतो, आणि ऐन मालिकेत टीव्ही बंद पडून पुन्हा सुरू होतो. लोक टीव्ही बदलून आणतात. बदलायला हवी असते वायर. चारची वायर घातली, तर त्याच ८ अॅम्पिअरला गळती ०.४ वर येते. फ्रिजला स्वतंत्र जोडी दिली, तर प्रश्नच मिटतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये टीव्ही लावणं टाळा. हादऱ्यांनी ते सैल होतं आणि सैल जोड हाही एक रोधच.

दुसरी गोष्ट, ‘१२ व्होल्ट’ हे बॅटरीचं फक्त नाव आहे. पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी १२.७ ला असते, चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते. लिथियमही चार्जिंगला तिथपर्यंत जाते. टीव्ही मात्र अॅडॅप्टरच्या ठाम १२ व्होल्टवर वाढलेला. काही टीव्ही १४ व्होल्ट सोसतात, काहींचा बोर्ड जातो. म्हणून मधे एक डीसी-डीसी कन्व्हर्टर घालावा; व्होल्टेज खाली-वर झालं तरी तो टीव्हीला १२ च देतो. टीव्ही १९ व्होल्टचा असेल, तर १९ देणारा मिळतो. पिनची धन-ऋण बाजू अॅडॅप्टरवरच्या चित्रात बघून मगच जोडा. आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. बॅटरी लहान दिसते, पण वायर पत्र्याला घासून सोलली गेली, तर ती एका क्षणात शेकडो अॅम्पिअर ओतते, आणि फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कुणीच वाली नसतो.

मिक्सर किंवा मोठा ३२ इंची टीव्ही हवाच असेल, तर इन्व्हर्टर घ्या. बहुतेक ३२ इंची टीव्हींमध्ये पॉवर सप्लाय आतच असतो, त्यांना २३० लागतात. पण प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्या, आणि हाताशी बंद करायचं बटण ठेवा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंखा घूं घूं करतो, हे लाईट गेल्यावर आपण घरोघरी ऐकलेलं आहे. अमेरिकेतले ट्रेलरचे व्हिडिओ बघून सामान मागवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची.

बॅटरी भरायची कशी? गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) भरता येते, पण थेट वायर टाकून नव्हे. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. डीसी-डीसी चार्जर तो करंट २०-३० अॅम्पिअरवर रोखतो. छपरावर २०० वॉटचं सौर पॅनेल असेल, तर फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सौंदत्तीच्या उघड्या माळावर दिवसाला सातशे वॉट-तासांच्या आसपास मिळू शकतात, म्हणजे आपला वरचा हिशेब भागतो. तोच ट्रेलर खानापूरच्या सागवानात लावला, की चित्र पालटतं. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एकावर सागाचं रुंद पान पडलं, तर तो सेल सगळ्यांचा करंट अडवतो. अडलेल्या भागाला वळसा देणारे बायपास डायोड वाट काढून देतात, पण त्यासोबत पॅनेलचा साधारण एकतृतीयांश भाग बाजूला पडतो. एका पानाने! सावलीत उभं राहायचं असेल, तर छपरावर घट्ट बसवलेल्या पॅनेलपेक्षा लांब वायरीचं सुटं पॅनेल उन्हात मांडणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

जंगलाकडे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा छत्रीच (डिश) कामाला येते. डीडी फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-१५ वरून येतं. २०१५ साली सोडलेला हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. बेळगाव साधारण ७४.५ पूर्वेला. भूमितीने काढलं, तर इथून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून ६१ अंश उंच दिसतो. निपाणी किंवा खानापूरला फरक अंशभराचा. म्हणजे ट्रेलर लावतानाच आग्नेयेचं आभाळ मोकळं आहे ना, ते बघावं. होकायंत्र पत्र्यापासून चार पावलं दूर धरा, लोखंडाजवळ ते चुकतं. छत्री बघायला वाटते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, कारण तिचा आकार तिरकसपणे कापलेला असतो; तेव्हा डोळ्यांनी अंदाज न करता मागच्या खुणेवर अंश लावा. छत्रीवरच्या एलएनबीला (लहरी पकडणाऱ्या छोट्या डबीला) वीज सेट-टॉप बॉक्सकडून त्याच केबलमधून जाते, १३ किंवा १८ व्होल्ट, आणि या दोन आकड्यांवरूनच उभ्या की आडव्या ध्रुवणाच्या लहरी घ्यायच्या, ते तिला कळतं. बॉक्सचा अॅडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचाच, म्हणजे तोही कन्व्हर्टरमधून थेट चालतो. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडे मुसळधार पाऊस लागला, की चित्र थिजेल. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि दाट पाऊस त्या शोषतो, विखरतो. बॅटरी तपासत बसू नका.

राहिला बाहेरचा प्लग. पाहुण्यांच्या अंगणात किंवा शेतातल्या मोटारीच्या शेडवरून वीज घ्यायची, तर ट्रेलरच्या आत पहिलं उपकरण ३० मिलिअॅम्पिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून लाइन तोडणारं स्विच, असावं. ट्रेलर पत्र्याचा आणि उभा रबरी टायरांवर. अर्थिंग नसलेल्या बोर्डवरून जोडला आणि आत कुठे फेज पत्र्याला लागली, तर सगळं घरच जिवंत होतं आणि करंटला जमिनीकडे जायला वाट नसते. ओल्या मातीत अनवाणी उभा असलेला माणूस दाराला हात लावतो, तेव्हा तोच ती वाट होतो. आरसीसीबी तेव्हाही तोडेल, पण धक्का बसल्यावर. अर्थिंग धड असेल, तर कुणी हात लावण्याआधीच तोडेल. म्हणून प्लग घालण्यापूर्वी टेस्टरने नव्हे, तर फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा साधा बल्ब लावून बघावा. टेस्टर फक्त फेज सांगतो, अर्थचा भरवसा देत नाही. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घ्यावं. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर अर्थिंग बहुधा ठीक. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर त्या बोर्डला हात न लावता रात्र बॅटरीवर काढावी. त्या बोर्डच्या लाइनवर आधीच आरसीसीबी असेल, तर बल्ब लावताच तो पडेल, आणि तीही चांगलीच खूण आहे.