आमरांच्या जाती ओळखणारी जनुकीय चिन्हके

जनुकीय चिन्हक म्हणजे डीएनएचा किंवा त्यावरून बनणाऱ्या प्रथिनाचा असा भाग, जो जातीगणिक थोडा बदलतो. त्यावरून वनस्पतीची जात आणि तिचे पूर्वज कळतात. आमर (ऑर्किड) कुलात सुमारे २८,००० जाती आहेत. जवळच्या जातींत संकर सहज होतो आणि फुलोरा नसताना नुसत्या पानाकंदावरून जात सांगणे जाणकारांनाही जड जाते.

डॅक्टिलोऱ्हायझा प्रजातीत ही अडचण फार ठळकपणे दिसते. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ ‘बोटांसारखे मूळ’. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानातला सालमपंजा हा याच प्रजातीतल्या हिमालयी जातीचा कंद. त्यालाही नाव पंजाचेच मिळाले. युरोपात या प्रजातीच्या फुक्सी आणि इन्कार्नाटा या जातींत ४० गुणसूत्रे असतात, तर माजालिस आणि ट्राउनस्टाइनरी यांच्यात ८०. पुढच्या दोन्ही जाती पहिल्या दोघींच्या संकरातून, पण वेगवेगळ्या काळी उपजल्या. एकाच आईबापांची ही थोरली-धाकटी भावंडे. ओलसर कुरणातल्या एकाच ताटव्यात कुणाच्या पानांवर ठिपके असतात, कुणाच्या नसतात. त्यामुळे दिसण्यावर भिस्त ठेवता येत नाही.

वनस्पतींच्या डीएनए बारकोडसाठी, म्हणजे जात ओळखायला वापरायच्या डीएनएच्या ठरावीक तुकड्यांसाठी, २००९ मध्ये मॅटके आणि आरबीसीएल हे दोन जनुक सुचवले गेले. दोन्ही हरितलवकातले, आणि आमरांत हरितलवक सहसा आईकडूनच येते. चतुर्गुणित (गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार संच असलेल्या) माजालिसची तपासणी केली तर हा बारकोड बहुधा फुक्सीच्या वंशाकडे बोट दाखवतो. इन्कार्नाटाचा वाटा त्यात उमटतच नाही. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएचा आयटीएस हा तुकडा दोन्ही पालकांचा असतो, पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या प्रती एकसारख्या होत जातात आणि एका पालकाची खूण पुसट होते. म्हणून एकाच चिन्हकावरून दिलेला निर्वाळा इथे ग्राह्य धरू नये. स्वीडनमधील वनस्पतिशास्त्रज्ञ मिकाएल हेड्रेन यांनी १९९० च्या दशकात एंझाइमे (एक प्रकारची प्रथिने) जेलवर वेगळी करून त्यांचे पट्टे पाहिले, तेव्हा चतुर्गुणितांत दोन्ही पालकांचे पट्टे शेजारीशेजारी दिसले. आता आरएडी-सीक्वेन्सिंग या डीएनए वाचण्याच्या पद्धतीने जीनोममधील, म्हणजे वनस्पतीच्या संपूर्ण डीएनएतील, हजारो जागा एकदम तपासता येतात.

कंद दळून केलेल्या सालेप पुडीत आकाराचा पुरावाच उरत नाही, तिथे डीएनएच कामी येतो. इराणच्या बाजारातील कंदांच्या जाती आयटीएसवरून ओळखल्या गेल्या आहेत. जंगलात तर नखाएवढे पान पुरते. ते सिलिका जेलमध्ये वाळवून नेतात. कंद जमिनीतच राहतो आणि झाड पुढच्या हंगामात पुन्हा फुलू शकते.